डसेल की नाही?

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज घरी सोडलं. आधी ॲटॅक, मग नळ्या, मग फुफ्फुसात पाणी, असा सगळा अभ्यासक्रम पुरा करून उत्तीर्ण झालो. निघताना डॉक्टरांनी बजावलं, "सर, जड उचलायचं नाही, दगदग नाही, टीव्हीवरच्या बातम्या नाहीत आणि मनाला धक्का बसेल असं काही नाही." मी म्हटलं, "मग बायकोलाही इथंच ठेवून घ्या." डॉक्टर हसले. मंजुळा हसली नाही. एरवी अशा बोलण्यावर तिनं मला तिथल्या तिथं दोन ऐकवल्या असत्या.

पिंप्राळ्यातलं घर होतं तसंच आहे. माणसं मात्र वाळलीत. धाकट्या अमृतच्या डोक्याचा तर तुळतुळीत गोटा झालाय. विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, "तुमच्यासाठी नवस बोललो होतो, आबा." घ्या! सगळी नोकरी शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली आणि घरातच नवस. चांगला फैलावर घेणार होतो, पण त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघितली आणि म्हटलं, जाऊ दे, केस काय, येतील परत.

थोरला दीपक दिसला नाही. कंपनीनं नायजेरियाला पाठवलंय म्हणे, यंत्रं बसवायला. मी आयसीयूत असतानाच तातडीनं निघावं लागलं. नरडाण्याच्या त्या कारखान्यात हा एकटाच फिटर होता का? बाप मरणाच्या दारात आणि चिरंजीव विमानात. फार लागलं मनाला. इथं लिहून ठेवतो, मंजुळेजवळ बोललो नाही.

माझा मोबाइल काढून घेतलाय. डॉक्टरांचा हुकूम.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मागच्या अंगणात खुर्ची टाकून दिलीय. सध्या हेच माझं संस्थान. मंजुळेनं लावलेली कोथिंबीर इतक्या दिवसांत कुणी खुडलीच नाही, ती फुलावर आलीय. बारीक पांढऱ्या फुलांवर सकाळपासून माश्यांची नुसती जत्रा. शेजारच्या वहिनी कुंपणावरून ओरडल्या, "सर, आत जा, मधमाश्या उठल्यात!" मी म्हटलं, "वहिनी, यात एकही मधमाशी नाही. सगळ्या तोतया आहेत."

खरंच तोतया. अंगावर पिवळे-काळे पट्टे, गुणगुण तीच, फुलावर बसायची ढबही तीच. पण मधमाशीला पंख चार, हिला दोनच. मधमाशीच्या मिशा लांब, हिच्या असून नसल्यासारख्या. डोळे अख्खं डोकं व्यापतील एवढे, वर ठिपके. आणि मुख्य म्हणजे हिला नांगीच नाही. गटारीच्या पाण्यात वाढलेली साधी माशी बिचारी. डसणारीचा अंगरखा घालून फिरते म्हणून पाखरं तिच्या वाटेला जात नाहीत. मुठीत धरली तर पोटाचं टोक वाकवून डसायचं सोंगसुद्धा करते.

शाळेत मी ही माशी तळहातावर ठेवून दाखवायचो. घरी दीपकशी तर आमचा खेळच होता. मूठ बंद करून त्याच्यापुढं धरायची आणि विचारायचं, "डसेल की नाही?" तो बोटांच्या फटीतून मिशा बघायचा आणि ठणकावून सांगायचा, "नाही डसणार!" मग ती त्याच्या हातावर. त्यानं तिचं नाव ठेवलं होतं मामी. शिंदखेड्याची त्याची मामी आरडाओरडा फार करायची, पण हात कधी उगारायची नाही, म्हणून. हे नाव फक्त त्याला आणि मला ठाऊक. मंजुळेला कळलं असतं, तिच्या माहेरच्या माणसाचं नाव माशीला दिलंय, तर आम्हा दोघांचंही जेवण बंद झालं असतं.

अमृत या खेळात कधीच नव्हता. लहानपणी पहूरच्या मळ्यात त्याला खरी गांधीलमाशी डसली, गाल लिंबाएवढा सुजला. तेव्हापासून पिवळं-काळं काही उडताना दिसलं की हा आईच्या पदरामागं. मी म्हणायचो, अरे मिशा बघ, पंख मोज. तो म्हणायचा, "तुम्हीच मोजा."

बसल्या जागी एक काम करीन म्हणतो. पोरांसाठी लहानसं पुस्तक, आपल्या भागातल्या तोतया कीटकांचं. नाव दीपकला विचारून ठरवू.

१६ फेब्रुवारी, रविवार

संध्याकाळी दीपकचा फोन आला. मंजुळेच्या मोबाइलवर.

"आबा, जेवले का? गोळ्या घेतल्या का?"

आवाज अगदी बसलेला. म्हटलं, "सर्दी झाली का रे?" तर म्हणाला, "हो, इथं धूळ फार आहे." खरखर इतकी की निम्मं कळलंच नाही. व्हिडिओ लावायला तिकडं रेंज नाही म्हणे. मी चांगला रागवायचं ठरवून बसलो होतो. आवाज ऐकला आणि राग कुठल्या कुठं गेला. पोटचा पोर तो पोटचाच.

मंजुळा फोन माझ्या हातात देऊन मागच्या दारी निघून गेली. मी हाक मारली, "अगं, लेकाशी बोल तरी!" तर तिकडूनच म्हणाली, "तुम्हीच बोला. बठ्ठं बरं शे ना? मग झालं." मंजुळा माहेरच्या अहिराणीवर आली की समजावं, फार चिडलीय. बाप आजारी असताना न भेटता गेला म्हणून तिचा रुसवा दिसतो. बायका धरून बसतात. मी तर केव्हाच सोडून दिलं.

एक मात्र खटकलं. दीपक फोनवर पहिलं वाक्य नेहमी बोलतो, "आज काय सापडलं, आबा?" शाळेत होता तेव्हापासूनची सवय. आज त्यानं विचारलं नाही. जेवताना अमृत आणि मंजुळेजवळ मी हे बोलून दाखवलं. दोघंही खाली बघून जेवत राहिली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

"आज काय सापडलं, आबा?" फोन कानाला लावला आणि पहिलंच वाक्य हे! मंजुळेनं चहाडी केली असणार, करू दे. मी भरभरून बोललो. त्याला सांगितलं, तोतया फक्त माश्याच नसतात. पावसाळ्यात आपल्याकडं एक पतंग निघतो, काळा, पोटावर पिवळे पट्टे, दिवसाढवळ्या उडतो, लांबून बघितलं तर थेट गांधीलमाशी. तो सगळं ऐकत होता, मधून मधून "हं, हं" म्हणत होता. पूर्वी मधेच तोडून मला चुका दाखवायचा. परदेशात गेला आणि पोरगं शहाणं झालं.

छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटतंय आज.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

माणकचंद आला होता. चौकात त्याचं किराणा दुकान. आमची बुद्धिबळाची जोडी फार जुनी. हा माणूस हरायला लागला की पट उधळून देतो, असा लौकिक. आज त्यानं स्वतःचा वजीर माझ्या घोड्याच्या तोंडी नेऊन ठेवला. म्हटलं, "माणकचंद, लक्ष कुठंय? वजीर गेला तुझा."

"जाऊ दे मास्तर. जानेवाला गया. जो राहिला त्याला सांभाळायचं."

आणि चहा अर्धा टाकून उठला. मला जिंकू देतोय! आजाऱ्याची कीव केलेली मला खपत नाही. पुढच्या वेळी सांगणार आहे, जिंकायला जमत नसेल तर येऊच नकोस. मंजुळा त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली आणि दोघं तिथं किती वेळ उभी होती.

५ मार्च, बुधवार

फोन दोन-तीन दिवसांआड येतो. आज बोलता बोलता फोनमधून कुल्फीवाल्याची घंटा ऐकू आली. आमच्या कोपऱ्यावर येतो त्याची असते तशी, तीन ठोके आणि एक लांबवलेला. गंमत अशी की त्याच वेळी खिडकीतूनही तीच ऐकू आली. मी म्हटलं, "नायजेरियातही कुल्फी मिळते वाटतं!" पलीकडं फोनवर हात दाबल्यासारखी खरखर झाली. मग म्हणाला, "आबा, रेंज जातेय." आणि कट.

दुपारभर पुस्तकासाठी लिहीत होतो. पोरं एक प्रश्न नक्की विचारतील, शाळेतही विचारायची. सर, ही नक्कल तर इतकी कच्ची आहे, मग पाखरं फसतात कशी? उत्तर असं लिहिलंय: पाखरू आंधळं नसतं. मिशा आखूड आहेत, पंख दोन आहेत, पट्टे जरा जास्तच जाड आहेत, हे त्याला फांदीवरून दिसत असणार. पण खात्री करायची तर चोच लावावी लागते. आणि नेमकी खरी निघाली तर? एकदा डंख खाल्लेलं पाखरू पुन्हा चोच लावत नाही. म्हणून कच्ची नक्कलही चालून जाते.

वाचून बघितलं, बरं जमलंय.

१३ मार्च, गुरुवार

होळी. घरात पुरण नाही. विचारलं तर म्हणे तुम्हाला गोड चालत नाही. अरे, मला चालत नाही म्हणून घरानं उपाशी राहायचं? अमृतनं मुकाट्यानं खिचडी खाल्ली.

पहूरहून चुलतभाऊ भटू आला होता. आमची शेती तोच बघतो. आल्या आल्या अमृतला मिठी मारून रडायलाच लागला. मी म्हटलं, "भटू, मी इकडं आहे. मेलो नाही अजून." त्यानं डोळे पुसले. मग पिशवीतून नवी टोपी आणि टॉवेल काढून अमृतला दिला. मला काही नाही! आपल्याकडं टोपी-टॉवेल दुखवट्याच्या घरी देतात, याचं त्याला भान नसावं. मी हसण्यावारी नेलं, म्हटलं, पोराच्या गोट्याला ऊन लागू नये म्हणून आणली असेल. कुणी हसलं नाही. अमृतनं टोपी आत नेऊन ठेवली, घातली नाही.

अमृतसाठी पाचोऱ्याचं स्थळ चाललं होतं, त्याचं विचारलं. "यंदा नको, पुढच्या वर्षी बघू," म्हणाली मंजुळा. माझ्या दुखण्यानं पोराचं लग्न लांबलं. जिवाला हेही एक लागून राहिलं.

१८ मार्च, मंगळवार

सून दिपमाला आली होती, धुळ्याहून, भावाबरोबर. दीपक तिकडं गेल्यापासून माहेरीच आहे. वाकून नमस्कार केला तेव्हा कपाळावरची टिकली वाकडी दिसली, आरशात न बघता घाईनं लावल्यासारखी. फार खंगलीय पोर. नवरा इतक्या लांब, लग्नाला धड चार वर्षं नाहीत.

एक गोष्ट बघून बरं वाटलं. तिच्या गळ्यातली पोत मला ओळखीची वाटली. निरखून बघितलं तर मंजुळेची जुनी, दोनपदरी. ओळखायला वेळ लागला नाही, कारण तिच्या एका वाटीला पोचा आहे. दात येत होते तेव्हा दीपक मांडीवर बसून ती वाटी चावत बसायचा, त्यानं चेपवली होती. सासूनं आपणहून सुनेला आपलं मंगळसूत्र द्यावं, यापरतं काय हवं! मी विचारलं, "तुझी कुठाय, बेटा?"

"तुटली, आबा."

मला वाटलं आता मंजुळा अंगावर जाणार. मंगळसूत्राला तुटलं म्हणायचं नाही, वाढवलं म्हणायचं, यावरून तिनं भल्याभल्या बायकांना सुनावलंय. आज चकार शब्द नाही. "ओवायला टाकलीय," एवढंच म्हणाली आणि सुनेच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. बदलली म्हणायची सासू.

दिपमालेला जरा हसवावं म्हणून फुलावरची एक मामी पकडली. मूठ तिच्यापुढं धरली. म्हटलं, "दीपकनं शिकवलं असेल तुला. सांग, डसेल की नाही?"

तिनं मुठीकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. "डसेल, आबा," म्हणाली आणि आत निघून गेली. भित्री आहे. मी मूठ उघडली, माशी क्षणभर बोटावर बसून राहिली आणि मग उडाली. संध्याकाळी निघताना दिपमाला माझ्याजवळ आलीच नाही, दारातूनच हात जोडले. माझं काही चुकलं का कळत नाही.

३० मार्च, रविवार

पाडवा. गल्लीत घरोघरी गुढ्या, आमची खिडकी मोकळी. काठी कीड लागून मोडली म्हणाली मंजुळा. काल अडगळीत मी ती काठी बघितली होती, चांगली शाबूत. विचारणार होतो. तिचा चेहरा बघून विचारलं नाही. अलीकडं बरंच काही विचारायचं राहून जातं माझं.

१० एप्रिल, गुरुवार

ऊन असं की अंगणात पाय ठेववत नाही. कोथिंबीर वाळून गेली, तिच्याबरोबर माश्याही गेल्या. आता माझं संस्थान खिडकीशी, कूलरजवळ. कूलरच्या ओल्या गवतावर पाणी प्यायला गांधीलमाश्या येतात, खऱ्या. मंजुळा फडकं घेऊन धावते. मी म्हणतो, पिऊ दे, त्यांनाही उन्हाळा आहे. आज त्यांच्यात एक चुकार मामी दिसली. मला केवढा आनंद झाला! संध्याकाळी फोन आला तसं पहिल्यांदा तेच सांगितलं.

"आज काय सापडलं, आबा?"

"अरे, मामी आली होती! कूलरपाशी बसली होती."

"मामी आली होती? शिंदखेड्याहून? मला आई बोलली नाही."

मी फोन कानाशी तसाच धरून बसलो. खिडकीबाहेर कुणाची तरी स्कूटर गेली, ती फोनमधूनही गेली.

"हो," मी म्हटलं. "थोडा वेळ बसली आणि गेली."

"बरी आहे ना?"

"बरी आहे. सगळ्यांची चौकशी करत होती."

कामाचा ताण असतो. परका देश, परकी माणसं. इतकी जुनी गोष्ट विसरला असेल. माणूस विसरतो. मीही किती गोष्टी विसरतो. पुस्तकाचं काम आज केलं नाही.

२८ एप्रिल, सोमवार

परवा आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया. आमच्या खानदेशात दिवाळीपेक्षा मोठा सण, लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. आणि पितरांची घागर भरायची ती याच दिवशी. दरवर्षी आमच्या घरात एकच घागर, सगळ्या पितरांची मिळून.

सकाळी उन्हं चढायच्या आत एक कुंभारीण दिसली, मातीचं घरटं बांधणारी, ही अस्सल डसणारी. कूलरखालचा चिखल तोंडात धरून पाण्याच्या टाकीमागं जात होती. घरटं कुठं बांधतेय बघावं म्हणून मीही हळूहळू टाकीमागं गेलो. तिथं ओलं गोणपाट टाकून काहीतरी झाकलं होतं. उचलून बघितलं. नव्या घागरी. दोन.

दुसरी घागर वेगळी भरतात ती ज्या घरात वर्षभरात कुणी गेलेलं असतं, त्या घरात. ती त्या माणसाची, एकट्याची.

मंजुळेला विचारलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "एक शेजारनी शे." शेजारच्या वहिनी सोलापूरकडच्या. आखाजी म्हणजे काय, हे त्यांना मीच गेल्या वर्षी सांगितलं होतं.

परत जाऊन गोणपाट होतं तसं झाकलं. कडेनं वाळत आलं होतं, म्हणून वर थोडं पाणी मारलं.

३० एप्रिल, बुधवार

आखाजी.

अमृत उजाडायच्या आत पहूरला गेला, मळ्यात काम आहे सांगून. तो गेल्यावर टाकीमागं जाऊन आलो. गोणपाटाखाली एकच घागर होती. दुसरी त्यानं नेली. भटूच्या घरी भरणार असेल, माझ्या नजरेआड.

आमच्याकडं घागर भरायच्या आधी उंबरठा पुजतात. घरातल्या थोरल्यानं कुंकवात बोट बुडवायचं, गेलेल्या एकेका माणसाचं नाव घ्यायचं आणि उंबरठ्यावर एकेक बोट ओढायचं. वडील गेल्यापासून हे मीच करतो. मंजुळा म्हणाली, "यंदा मी ओढते. वाकायचं नाही तुम्हाला." मी पाट घेतला आणि उंबरठ्याशी बसलो. कुंकवाची वाटी तिच्या हातातून घ्यावी लागली, ती सोडत नव्हती.

आजोबांचं नाव घेतलं, बोट ओढलं. आजीचं घेतलं. वडिलांचं. आईचं, ताईबाई. थोरल्या बंधूंचं, नवलभाऊ. गेल्या वर्षी इथं संपलं होतं. मंजुळा माझ्या मागं उभी होती. वाटी खाली ठेवावी, उठावं, आत जाऊन घागरीवर खरबूज ठेवावं, एवढंच करायचं होतं. मला ते येत होतं. इतके दिवस मी तेच करत आलो होतो.

मी पुन्हा बोट बुडवलं.

"दीपक," म्हटलं आणि ओढलं. रेघ तिरकी आली.

मंजुळा माझ्याशेजारी खाली बसली. "तुमले कोनी सांगं?"

"कुणी नाही."

मग ती रडली. मी तिला इतक्या वर्षांत असं रडताना बघितलं नव्हतं. तोंडावर पदर दाबायची तिला सवय झाली होती, तो मी ओढून काढला. म्हटलं, आता मोठ्यानं रड. "मना लेकरूसाठे माले रडताबी उनं नही," हेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मला ॲटॅक आला त्याच दिवशी फोन ऐकून तो नरडाण्याहून मोटारसायकलवर निघाला. वाटेत ट्रकनं उडवलं. "तुमलेच देखाले निंघना व्हता," मंजुळा म्हणाली. मी नळ्यांत होतो तेव्हा याच घरातून त्याला नेलं. अमृतनं अग्नी दिला, दहाव्याला केस उतरवले, आणि तिसऱ्या प्रहरी येऊन माझ्या उशाशी बसून मला चमच्यानं पेज भरवली. मला ती पेज आठवतेय. अळणी आहे म्हणून मी त्याच्यावर डाफरलो होतो.

मला बघायला निघाला होता माझा पोर. आणि मी त्याला विमानात बसवून दोष देत राहिलो. मी जिवंत आहे याचाच आज संताप येतोय. छातीत दुखतंय, पण ते डॉक्टरांच्या यंत्रात दिसेल असलं नाही.

मला कधी कळलं, ते सांगता येत नाही. पोचा पडलेल्या वाटीपाशी असेल, मामीपाशी असेल. कळलं नव्हतं म्हणावं तर तेही खरं नाही. मी चोच लावली नव्हती, एवढंच.

घागर आम्ही दोघांनी मिळून भरली. मंजुळा म्हणाली, "अमृतले फोन करू का?" मी म्हटलं, नको. त्याला तिथं भावाची घागर नीट भरू दे.

दिवस कलल्यावर मी तिला सांगितलं, आमरस कर, पुरण घाल, दीपकला आवडायचं ते सगळं कर. पानं मांडली. एवढ्यात तिचा मोबाइल वाजला. नेहमीसारखा तिनं तो माझ्या हातात दिला आणि मागच्या दाराकडं वळली. मी तिचा हात धरून शेजारी बसवून घेतलं.

"आज काय सापडलं, आबा?"

बसवलेला आवाज, नाकातून काढलेला. दीपकचा आवाज असा कधीच नव्हता. पिवळं काही दिसलं की आईच्या पदरामागं लपणारं माझं पोरगं. दिवसभर भावाचं श्राद्ध करून आलं होतं आणि घराच्या कोपऱ्यावर उभं राहून मेलेल्या भावाच्या आवाजात मला विचारत होतं, आज काय सापडलं. त्याच्या वाटणीचं रडू त्यानं कुठं ठेवलं असेल?

"अमृत," मी म्हटलं, "घरात ये बाळा. पानं वाढलीत."

कुल्फीवाल्याची घंटा तेवढी, तीन ठोके आणि एक लांबवलेला, फोनमधूनही आणि खिडकीतूनही. मग कुणीतरी हुंदका दिला, तो मात्र अमृतच्याच आवाजात होता. फोनमधली घंटा थांबली. खिडकीतली चालूच होती. थोड्या वेळानं फाटकाची कडी वाजली.